पुढचं बघून बांधलेलं घर

माने तात्यांच्या स्वयंपाकघरात दोन नळ होते. एक पाण्याचा आणि एक दुधाचा.

पाण्याचा नळ साधा, लोखंडी, सतत थेंब थेंब गळणारा. दुधाचा नळ पितळी होता, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेला, आणि त्यातून, एक दिवस सोडला तर, कधीही काहीही गळलं नाही. आम्ही राजारामपुरीतल्या त्या गल्लीत राहायला आलो तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. आई माझ्या बोटाला धरून शेजारी ओळख करून घ्यायला गेली. हात धुवायला म्हणून तिनं साहजिकच चकचकीत नळ फिरवला. काही आलं नाही. तिनं आणखी फिरवला. मागून तात्यांचा आवाज आला.

"त्यो न्हवं, वैनी. त्यो दुदाचा."

आईनं तात्यांच्या बायकोकडे, म्हणजे काकींकडे बघितलं. काकी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अजून सुटलं न्हाई दूद. दोन हजार साली सुटणार हाय."

तात्या पाणीपुरवठ्याच्या कामावर ओव्हरसियर होते. मूळचे कोडोलीचे, शेती भावाच्या हवाली करून शहरात आले आणि जन्मभर पाइपांच्या मागं फिरले. त्यामुळे जगातल्या बहुतेक अडचणी पाइप टाकून सुटतील असा त्यांचा विश्वास होता. "नदीचं पाणी घरात येतंय न्हवं? मग दूद का येऊ ने? पाण्यापरास काय लई घट्ट असतंय व्हय? आन् गल्लीत येणाऱ्या गवळ्याचं तर न्हाईच न्हाई." उद्या डेअरीनं रस्त्यातून दुधाची लाइन टाकली तर फरशा उखडायला नकोत, म्हणून त्यांनी घर बांधतानाच स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत पाइप पुरून ठेवला होता. फाटकाकडं चढ होता; तिथं त्याचं तोंड जमिनीतून वीतभर वर आलेलं होतं आणि त्याला लाकडी बूच होतं. गल्लीतल्या पोरांनी एकदा ते बूच काढून आत बादलीभर पाणी ओतलं. स्वयंपाकघरातून काकींची हाक ऐकू आली, "अवो, या लवकर! आलं बगा तुमचं दूद! जरा पातळच हाय."

ते अख्खं घर तात्यांनी, त्यांच्याच शब्दांत, "पुढचं बघून" बांधलं होतं. बाहेरच्या खोलीच्या भिंतीत एक चौकोनी कोनाडा होता, मोठ्या ट्रंकेएवढा. त्यात वायरीसाठी नळी आणून सोडली होती. दोन हजार साली टेलिफोनवर बोलणाऱ्याचं तोंड दिसणार, त्या टेलिफोनची ती जागा. घरात साधा टेलिफोनही नव्हता. कोनाड्यात काकी पापडाचा डबा ठेवायच्या. गच्चीला तीन बाजूंनी कठडा होता आणि चौथी बाजू मोकळी होती, कारण तिकडून हेलिकॉप्टर उतरणार होतं. कुणाचं, ते ठरलेलं नव्हतं. समोरच्या इंगवल्यांच्या आजी कधी तिथं कुरडया वाळत घालायला गेल्या की तात्या खालून ओरडायचे, "आज्जी, त्या बाजूला जाऊ नगा!" आजी वरून ओरडायच्या, "का? तुजं इमान यायलंय व्हय?"

माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. तात्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आजींनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "कुणाला पोरगं झालं रं?"

"पोरगं न्हवं आज्जी! माणूस चांदावर उतरला!"

"बरं झालं. आन् त्याच्या घरात दिवा कोण लावतंय?"

तात्या पेढे घेऊन पुढच्या घराकडं वळले.

आम्हा मुलांवर त्यांचा फार जीव. कुणी भेटलं की त्याच्या वयात वर्षं मिळवून सांगायचे, दोन हजार साली तू अमुक वयाचा असणार, आणि तुला शाळेत जावं लागणार नाही, पावसात भिजावं लागणार नाही, आजारी पडलं तर एक गोळी बास. मी इंग्रजी शाळेत जायचे म्हणून मला ते "मड्डम" म्हणायचे. "मड्डम, तुमचं बरं हाय. दोन हजार साली समदं इंग्रजीतच असणार." शाळेत मला इंग्रजी बोलायची भीती वाटायची आणि गल्लीत मराठी. गल्लीतली मुलं ज्या दणक्यानं बोलायची तो दणका मला कधी जमला नाही. मी बघत बसायचे. पुढं मला बघायला पाहुणे यायला लागले तेव्हा दोन ठिकाणांहून एकच निरोप आला होता, मुलगी चांगली आहे, पण बोलत नाही.

तात्यांच्या घरातली जी एकच वस्तू खरोखर भविष्यातून आल्यासारखी होती ती म्हणजे त्यांचा रेडिओ. चांगला ऐसपैस, लाकडी, पुढून सोनेरी जाळीचं कापड. गल्लीतला तो पहिला रेडिओ. तबकडीवर दिल्ली, सिलोन, लंडन अशी नावं लिहिलेली, आणि वरच्या कोपऱ्यात एक हिरवा डोळा, म्हणजे काचेचा गोल दिवा. संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी सगळी गल्ली तात्यांच्या बाहेरच्या खोलीत जमायची. तात्या बटण फिरवायचे. पिवळा दिवा लागायचा. पण आवाज लगेच यायचा नाही. आतले व्हाल्व तापावे लागायचे. ते तापेपर्यंत गरम धुळीचा आणि व्हार्निशचा वास खोलीभर सुटायचा आणि हिरवा डोळा झोपेतून उठल्यासारखा हळूहळू उघडायचा. कुणी चुळबुळ केली की तात्या हात वर करून म्हणायचे, "तापू दे की!"

हे त्यांचं पालुपदच होतं. नवा जावई सासऱ्याशी बोलत नाही? तापू दे की. विलासला, म्हणजे त्यांच्या मुलाला, गणित जमत नाही? तापू दे की. पावसाळ्यात काकी काड्यापेट्या रेडिओच्या डोक्यावर ठेवायच्या, म्हणजे सादळायच्या नाहीत. ती रांग बघून इंगवले म्हणायचे, "तात्या, तुमच्या रेडिओवर बातम्या कमी आणि काडेपेट्या जास्त."

पुढं ट्रान्झिस्टर आले. गल्लीत पहिला ट्रान्झिस्टर कोण आणणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. तात्यांनीच आणला. खांद्याला अडकवून मंडईत गेले, रंकाळ्यावर गेले. आणि आठवड्याभरात तो कोडोलीच्या पुतण्याला देऊन टाकला. गल्लीला आश्चर्य वाटलं. वडिलांनी विचारलं तर तात्या म्हणाले, "त्याला दम न्हाई, सायेब. बटन दाबलं की बोंबलाय लागतंय."

"अहो, चांगलंच आहे की. वेळ वाचतो."

"वाचतोय की. वाचलेला कुटं ठेवायचा?"

येणाऱ्या काळाबद्दल हा तात्यांचा पहिला उलटा शब्द. आमच्या तो लक्षात राहिला नाही.

मी कॉलेजात असताना काकी गेल्या. कावीळ झाली आणि पंधरवड्यात संपलं. दिवस झाले, पाहुणे गेले, विलास पुण्याला नोकरीवर गेला. त्यानंतर काही दिवसांनी सकाळी गच्चीवर थापीचा आवाज यायला लागला. आई बाहेर जाऊन बघून आली. गवंडी चौथ्या बाजूचा कठडा बांधत होता.

"तात्या, हे काय? आणि हेलिकॉप्टर?" आईनं हसून विचारलं.

"पोरं खेळत्यात वैनी वर. पडतील."

पोरं त्या गच्चीवर पंधरा वर्षं खेळत होती.

दोन हजार साल त्यांच्या बोलण्यातून निघून गेलं. गल्लीतली नवी चिल्लीपिल्ली, घरात ऐकून, मुद्दाम विचारायची, "तात्या, दोन हजार साली काय होणार?" तात्या म्हणायचे, "काय व्हायचंय? हितंच असणार समदं. ह्यो रस्ता, ह्यो खड्डा." आणि आत जायचे. फक्त दुधाचा नळ तसाच चमकत होता. आधी तो काकी घासायच्या. आता चिंच भिजवून तात्या घासायचे.

गच्च्यांवर टीव्हीच्या अँटेना उगवल्या. पहिली उगवली ती इंगवल्यांच्या. संध्याकाळी सगळी गल्ली तिकडं. तात्यांच्या बाहेरच्या खोलीत कुणी जाईना. पण दिवेलागणीला त्यांच्या खिडकीत रेडिओचा पिवळा उजेड दिसायचा. आवाज मात्र रस्त्यावर येत नव्हता. इंगवल्यांनी त्याचाही अर्थ लावला. "म्हातारा कानाला लावून लंडन ऐकतोय. आपल्याला सांगत न्हाई. तिकडनं काय तरी कळलंय त्येला."

आई रोज संध्याकाळी वाटीत काहीतरी घालून माझ्या हाती तात्यांकडे पाठवायची. कधी आमटी, कधी भाजी. बी.ए. होऊन मी घरीच होते, आणि या कामाला मी बरी होते. जास्त बोलत नाही, उगाच चौकशा करत नाही. मी मागच्या दारानं जायचे, वाटी ओट्यावर ठेवायचे, तात्या बाहेरून म्हणायचे, "ठेव मड्डम तितं," आणि मी परत. कित्येक महिने आमचं एवढंच संभाषण होतं. दोघांनाही ते पुरत होतं असं मला वाटायचं.

एकदा ओट्यावर जागा नव्हती म्हणून मी वाटी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. तात्या तेवढ्यात रेडिओचं बटण फिरवत होते. शेजारी वेताची दुसरी खुर्ची होती, तिच्यावर कापडाची घडी. त्यांनी मला बघितलं, एक क्षण घोटाळले, आणि खुर्चीकडं बोट केलं.

"बस. तापू दे की."

मी वाटी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकले. पिवळा दिवा लागला. तोच गरम धुळीचा वास. हिरवा डोळा हळूहळू उघडला, पूर्ण उघडला. मी आवाजाची वाट बघत होते. तात्या खुर्चीत मागं रेलून समोर बघत होते. त्यांनी बटणाला हात लावला नाही, रेडिओवर चापटही मारली नाही. आमटी गार होत होती. बऱ्याच वेळानं ते पुढं वाकले, बटण उलटं फिरवलं, आणि म्हणाले, "झालं."

मला राहवलं नाही. "तात्या, आवाज?"

"आवाज जाऊन दोन वर्सं झाली की."

"मग दुरुस्त?"

"व्हाल्व गेलाय त्येचा. मिळत न्हाई आता. मिरजंला गेलतो, बेळगावला गेलतो. दुकानदार म्हणतोय, आजोबा, ह्यो फेका आन् नवा घ्या."

"मग रोज लावता कशाला?"

आयुष्यात मी कुणाला इतके सलग प्रश्न विचारले नव्हते. तात्यांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं आणि काड्यापेट्या सरळ करत बोलायला लागले. रेडिओवर अजून तीन काड्यापेट्या होत्या.

"तुझी काकी बसत न्हवती गं. कवाच न्हाई. पाटे उठून गवळ्यांच्या कट्ट्यावर दूद आणाय जायची, म्हस समोर पिळून घेतल्याबिगार तिला पटायचं न्हाई. पाऊस असू दे, थंडी असू दे. आली की चूल, चूल झाली की धुनं. कोडोलीची सवय. बस म्हटलं की म्हणायची, बसून कुणाचं झालंय? म्हटलं, चला, नळातनंच दूद आणू. कपडे धुयाचं मशीन येतंय म्हणत्यात, त्येला मोरीत जागा सोडली. म्हटलं, दोन हजार सालापतुर समदं हुईल, मग बसंल बाई निवांत."

ते थांबले. मला वाटलं, संपलं.

"रेडिओ लावला की मातुर यायची. तिला बातम्या आवडायच्या व्हय? लावला की मी हाक मारायचो, ये, बस, तापतोय. पदराला हात पुसत यायची आन् तितं टेकायची, तू बसलीयास तितं. तापंपतुर बसायची. आवाज आला की उठायची. म्हणायची, चला, बोलाय लागला तुमचा, मी जाते."

मी खुर्चीवरून उठू का नको या विचारात तशीच बसून राहिले. "काय बोलायचात तुम्ही तेवढ्यात?"

"काय बोलायचंय?" तात्यांना प्रश्नच कळला नाही. "बसायची."

तो ट्रान्झिस्टर तात्यांनी का देऊन टाकला ते मला त्या दिवशी कळलं. घरी गेल्यावर आईनं विचारलं, एवढा वेळ कुठं होतीस. मी म्हटलं, बातम्या ऐकत होते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात विलास पुण्याहून आला. तो चांगला मुलगा होता, म्हणजे अजूनही आहे. बापाला एकट्याला करमत नसणार म्हणून त्यानं टीव्ही घ्यायचं ठरवलं होतं. मी संध्याकाळी वाटी घेऊन गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत मोठं खोकं उघडलेलं होतं. दुकानाचा माणूस उभा होता, आणि विलास रेडिओपुढं उकिडवा बसून त्याची मागची वायर बघत होता. रेडिओवरच्या काड्यापेट्या कुणीतरी काढून जमिनीवर ठेवल्या होत्या.

"दादा, हे न्यायचं न्हवं?" दुकानाचा माणूस म्हणाला. "मालकांनी सांगितलंय, जुनं द्यायचं आन् नव्यात तेवढं कमी करायचं. लाकूड चांगलं हाय, कपाट हुतंय त्येचं."

"हो, न्या. तात्या, बंदच आहे ना हा? उगाच जागा अडवून बसलाय."

तात्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. एके काळी ज्या माणसानं गल्लीला मोठ्या आवाजात भविष्य सांगितलं, तो मुलाच्या हातातल्या वायरीकडं बघत होता. विलासला ते काय सांगणार होते? त्यांनी मान एकदा हलवली, ती हो होती की नाही ते कळलं नाही. मग खालच्या आवाजात म्हणाले, "न्हे की घिऊन. तुला वाटत आसंल तर न्हे." आणि तोंड फिरवून दुधाच्या नळाकडं बघत राहिले.

दुकानाच्या माणसानं रेडिओला दोन्ही बाजूंनी हात घातला.

"चालू आहे तो," मी म्हटलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. मीही बहुधा बघितलं असतं, पण मागं भिंत होती.

विलास मला लहानपणापासून ओळखायचा, पण माझा आवाज त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असावा. "चालू आहे?"

"हो. मी रोज ऐकते. इथं येऊन."

"काय ऐकतेस?"

"इंग्लिश न्यूज," मी म्हटलं.

हे मात्र त्याला एकदम पटलं. इंग्रजी शाळेतल्या शिक्षणाचा मला झालेला हा पहिला उघड फायदा. "पण टीव्हीवरही असतात की बातम्या," तो म्हणाला.

"रेडिओवरच्या चांगल्या असतात."

"बरं, लाव बघू. मी तर समजत होतो केव्हाच बंद पडला."

झालं. तात्या दारातून पुढं आले. माझ्याकडं न बघता त्यांनी रेडिओची वायर सॉकेटमध्ये घातली आणि बटण फिरवलं. पिवळा दिवा लागला.

"येत न्हाई की आवाज," दुकानाचा माणूस म्हणाला.

तात्यांनी हात वर केला. "तापू दे की."

विलास उकिडवा होता तो उठला आणि सवयीनं टेकला, वेताच्या खुर्चीत. वास सुटला. हिरवा डोळा उघडायला लागला. दुकानाच्या माणसानं घड्याळ बघितलं, खोक्याला टेकला, कान खाजवला. विलासचा हात खुर्चीच्या हातावर होता आणि तो अंगठ्यानं तिथला सुटलेला वेत दाबत होता, दाबला की परत वर येणारा. नंतर त्याचा अंगठा थांबला. तो जमिनीवरच्या काड्यापेट्यांकडं बघत होता. हिरवा डोळा पूर्ण उघडला, आणि त्यानंतरही आम्ही सगळे तसेच होतो. आवाज येणार नाही हे एव्हाना दुकानाच्या माणसालाही कळायला हरकत नव्हती.

"सायेब," तो शेवटी म्हणाला, "मला अजून शाहूपुरीत जायचंय."

विलास उठला. वाकून त्यानं काड्यापेट्या उचलल्या आणि एक एक करून रेडिओवर ठेवल्या, रांगेत.

"राहू दे हा," तो म्हणाला. "पुरे पैसे घ्या म्हणावं मालकांना."

"आवाज न्हाई आला दादा."

"आला," विलास म्हणाला.

त्याला काय आठवलं ते मी कधी विचारलं नाही. त्यानं पापडाचा डबा काढला आणि टीव्ही दोघांनी उचलून कोनाड्यात बसवला. इकडं अंगठा, तिकडं अंगठा, एवढीच फट राहिली. वायर तात्यांनी घालून ठेवलेल्या नळीतून सरळ बाहेर गेली. विलास मागं सरून बघत म्हणाला, "तात्या, पुढचं बघून बांधलंय राव तुम्ही!" तात्या कसनुसं हसले. इतक्या वर्षांत त्या घरातली एक तरी जागा बरोबर निघाली होती, आणि ती बघायला काकी नव्हत्या.

दिवाळी झाली. विलास गेला. त्या संध्याकाळी इंगवल्यांच्या टीव्हीचा आवाज गल्लीभर येत होता. मी आमटीची वाटी घेऊन गेले. तात्यांच्या टीव्हीवर काकींनी विणलेला रेडिओचा जुना रुमाल घातलेला होता, धूळ बसू नये म्हणून. टीव्ही लावलेला दिसत नव्हता. तात्यांनी मला बघून नेहमीसारखं "ठेव तितं" म्हटलं नाही. त्यांनी रेडिओचं बटण फिरवलं.

मी वेताच्या खुर्चीत बसले. या वेळी नीट मागं टेकून. दिवा लागला, वास आला, हिरवा डोळा उघडला. बाहेर इंगवल्यांकडं कुणीतरी मोठ्यानं हसलं. एवढा वेळ बसलं की उठायचं असतं, हे आता मला माहीत होतं. मी पदर सावरला, वाटी उचलली आणि उठायला लागले.

तात्यांनी समोर बघतच हात वर केला.

"बस की, पोरी. अजून तापला न्हाई."